जळालेल्या तेलाची नोंद कोणत्या खात्यात?

5 एप्रिल 2024 रोजी रायपूरच्या गुढियारी भागातील राज्य वीज वितरण कंपनीच्या गोदामाला आग लागली. ट्रान्सफॉर्मर एकामागून एक फुटत गेले, काळ्या धुराचे लोट शहरभर दिसले, शेजारच्या वस्तीतील लोकांना हलवावे लागले. नुकसानीची चर्चा पुष्कळ झाली. त्या धुरातील कार्बनचा प्रश्न मात्र मागेच राहिला.

ट्रान्सफॉर्मरमधील तेल सामान्यतः खनिज तेलापासून बनते. पण ते जाळण्यासाठी नसते. विद्युतरोधन करणे आणि आतील गुंडाळ्या थंड ठेवणे हे त्याचे काम. नॅफ्थ्यापासूनचे प्लास्टिक, वंगण, डांबर ही सारी याच कुळातली. देशाच्या उत्सर्जनाचा हिशेब मांडताना असा कार्बन इंधनातून वगळतात, आणि ते योग्यच आहे. आयपीसीसीच्या 1996 च्या मार्गदर्शिकेने वंगणातील निम्मा कार्बन ‘साठलेला’ मानला होता, डांबरातील सगळाच. 2006 मध्ये पद्धत बदलली : वापरादरम्यान वंगणाचा 20 टक्के भाग ऑक्सिडीकरण पावतो असे गृहीत धरले गेले. उरलेला भाग पुढे जाळला गेला, तर तो ऊर्जा किंवा कचरा या विभागांत मोजावा, अशी अपेक्षा.

अडचण नेमकी येथे आहे. गोदामातील आग ना इंधनाचा वापर, ना कचऱ्याची विल्हेवाट. ‘साठवण’ हा शब्दही फसवाच; ट्रान्सफॉर्मरमध्ये ती काही दशकांची, पिशवीत काही दिवसांची. डेन्मार्क इमारती व वाहनांच्या अपघाती आगींचे उत्सर्जन आपल्या राष्ट्रीय अहवालात स्वतंत्रपणे नोंदवतो. भारतालाही ते अशक्य नाही. खनिज तेलात वजनाने सुमारे 86 टक्के कार्बन असतो. एक टन तेल पूर्ण जळाले, तर साधारण 3.15 टन कार्बन डायऑक्साइड निघतो. गुढियारीचा धूर काळा होता, म्हणजे ज्वलन अपुरे होते. काही कार्बन काजळी होऊन लोकांच्या छपरांवर आणि फुप्फुसांत गेला असणार. तेव्हा हा आकडा कमाल मर्यादेचा.

एका गोदामाचे तेल राष्ट्रीय हिशेबात दशांश चिन्हानंतर कुठेतरी हरवेल, हा आक्षेप खराच. परंतु उघड्यावर जळणाऱ्या प्लास्टिकलाही हाच न्याय लावला, तर चूक लहान राहत नाही. शिवाय येथे मोजणी सोपी आहे : प्रत्येक ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर तेलाचे प्रमाण लिहिलेले असते. किती भरलेले होते आणि किती रिकामे, एवढे भांडारातील नोंदींवरून ठरवावे लागेल. आगीच्या चौकशी अहवालात नुकसानीच्या रकमेशेजारी या आकड्याचा एक रकाना सक्तीचा करावा.