जेट एअरवेजचे कामगार : निकाल हाती, पैसे कुठे?

१७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले आणि हजारो कर्मचारी एका रात्रीत घरी बसले. पगार आधीच काही महिने थकले होते. नोकरी गेली ती गेलीच, पण पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे काय, हा प्रश्न तेव्हापासून कोर्टात फिरतो आहे. मुंबईत विमानतळाच्या आसपास राहणाऱ्या, तिथे लोडर, ड्रायव्हर, ग्राउंड स्टाफ म्हणून राबणाऱ्या कुटुंबांनी हे प्रकरण नीट समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

कारखान्यात वाद झाला की कामगार संप करतात, मालक बोलणी करतो. इथे संप करायचा तर कोणाविरुद्ध? कंपनीच बंद. जून २०१९ मध्ये प्रकरण दिवाळखोरी कायद्याखाली गेले. २०२१ मध्ये जालान-कालरॉक गटाची योजना मंजूर झाली. तिच्यात कामगारांच्या वाट्याला थकबाकीच्या मानाने फारच थोडे आले.

इंजिनिअर आणि इतर कर्मचाऱ्यांच्या संघटना गप्प बसल्या नाहीत. त्यांनी अपील केले. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने सांगितले की, दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली त्या तारखेपर्यंतचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यावीच लागेल. नव्या मालकांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली. ३० जानेवारी २०२३ रोजी तिथेही कामगारांचीच बाजू टिकली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण नव्या मालकांनी योजनेतले पैसे ठरल्याप्रमाणे भरलेच नाहीत. शेवटी ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. म्हणजे साडेपाच वर्षांनी कामगार पुन्हा रांगेत!

ही रांग कशी असते? कंपनीची मालमत्ता विकून आलेल्या पैशात कामगारांचा मागील २४ महिन्यांचा पगार बँकांच्या बरोबरीने धरला जातो. जे कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' नाहीत, त्यांचा १२ महिन्यांचा पगार त्यांच्या मागे. पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी फंडातून कर्मचाऱ्यांचे येणे मात्र या वाटपाबाहेर असते, कारण तो कंपनीचा पैसा नाहीच. ती कामगाराची अमानत आहे. मेख इतकीच की, कंपनीने ग्रॅच्युइटीसाठी वेगळा फंडच काढला नसेल, तर तिथे कोर्टबाजी सुरू होते.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे : कामगाराचा हक्क कंपनी बुडाल्यावर नव्हे, चालू असतानाच तपासला पाहिजे. सरकारने मोठ्या कंपन्यांना ग्रॅच्युइटीचा फंड वेगळा ठेवायला भाग पाडावे. पीएफ दोन महिने थकला तरी कारवाई व्हावी, दोन वर्षांनी नव्हे.

घरातल्या कमावत्या मुलामुलींनीही थोडी तसदी घ्यावी. यूएएन नंबर टाकून दर महिन्याला पासबुक बघा, कपात झालेला पैसा जमा झाला का ते पाहा. ठेकेदारामार्फत काम करत असाल तरी पीएफ भरला जाण्याची अंतिम जबाबदारी मूळ कंपनीची असते. त्यामुळे 'ठेकेदाराला विचारा' हे उत्तर ऐकून परत फिरू नका. १० वर्षे सेवा झाली की पीएफ खात्याची पेन्शन मिळते. म्हणून नोकरी बदलताना पैसे काढून न घेता खाते पुढे जोडा. ग्रॅच्युइटीचा हिशोबही सोपा आहे : शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये आणि नोकरी १० वर्षे, तर दीड लाख रुपये. पगाराच्या पावत्या आणि नेमणूकपत्र जपून ठेवा.

आणि संघटनेत राहा. जेटचा निकाल कोणा एकट्याच्या अर्जाने लागलेला नाही.