गाइड मिटा, मग लिहा

दहावीची परीक्षा जवळ आली की आमच्या नांदेडात पालक विचारतात, "भाऊ, पोराला लातूरला ठेवावं का?" क्लासची फी कोणाच्या पगारात बसते, हे आम्हाला ठाऊक आहे, आम्हीही कारकूनच. राजर्षी शाहू महाविद्यालयाने नावारूपाला आणलेल्या 'लातूर पॅटर्न'चा राज्यभर गाजावाजा झाला, पण त्याचे मर्म फीत नाही. प्रश्न सोडवायचे, तपासून घ्यायचे, चुकलेले पुन्हा सोडवायचे. एवढे तर समाजमंदिरातल्या सतरंजीवरही होते.

गेल्या रविवारी वस्तीतल्या एका मुलीने वही दाखवली. रसायनाचे दीडशे सराव प्रश्न, अक्षर मोत्यासारखे. आम्ही वही मिटली आणि फळ्यावर एकच समीकरण संतुलित करायला सांगितले : हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडे एक. पोरगी अडली. मग तिने पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या पायाशी हळूच दोनचा आकडा घातला. "काका, जुळलं!"

जुळले खरे, पण ते पाणी राहिले नाही. त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड झाले!

आम्ही बी.कॉम. झालेलो, रसायन आमचा विषय नव्हे. पण ही चूक आम्ही लगेच ओळखली. तेरीज जुळत नाही म्हणून पावतीवरचा आकडा खोडायचा नसतो. सूत्र म्हणजे पावती, तिला हात लावायचा नाही; रेणू किती घ्यायचे तेवढेच आपल्या हाती. हायड्रोजनचे दोन रेणू, ऑक्सिजनचा एक, पाण्याचे दोन. आता अणू मोजा : हायड्रोजन चार आणि चार, ऑक्सिजन दोन आणि दोन.

मुलगी रडवेली झाली. आईने चार घरची धुणीभांडी करून ते गाइड घेऊन दिले होते, आणि तिने रात्री जागून त्यातली उत्तरे उतरवली होती. गाइड वाईट नाही. आम्ही तेच कामाला लावले. उत्तरावर पुठ्ठा ठेवायचा, दहा प्रश्न स्वतः लिहायचे, मग पुठ्ठा काढून ताडायचे. चुकले तिथे लाल खूण. तीन दिवसांनी फक्त लाल खुणा सोडवायच्या. विज्ञान भाग १ मध्ये रसायनाचे धडे चारच. पेपर 40 गुणांचा, वेळ 2 तास. शेवटी घड्याळ लावून अख्खा पेपर सोडवावा.

'कारणे लिहा' घोकायची गरजच नाही. चुन्याने रंगवलेली भिंत दोन-तीन दिवसांनी का चमकते? आपल्या पोरांनी भिंती रंगवल्या आहेत! कळीच्या चुन्यात पाणी घातले की कॅल्शियम हायड्रॉक्साइड होते; ते हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि भिंतीवर कॅल्शियम कार्बोनेटचा थर धरतो. चुना भिजवताना बादली तापते, हेही त्यांनी हाताने अनुभवले आहे. पुस्तकात त्याला उष्मादायी अभिक्रिया म्हणतात.

बुधवारी मुलगी नऊ लाल खुणा घेऊन आली. त्यातल्या दोन आम्हालाही सुटल्या नाहीत. शाळेतल्या बाईंना विचारायला तिला पाठवले आहे.