टेप एकदाच वाजते



आयईएलटीएस ही नवी मनुस्मृती आहे, असं आपल्यातले काही कार्यकर्ते हल्ली तावातावाने बोलतात. परदेशी विद्यापीठाच्या दारात बसवलेली चौकी, साहेबाची गुलामी, भांडवलदारांचा धंदा वगैरे. धंदा आहे हे खरंच. २०२१ साली ब्रिटिश कौन्सिलचा भारतातला या परीक्षेचा कारभार आयडीपी या ऑस्ट्रेलियन कंपनीने विकत घेतला, आणि फी पंधरा हजारांच्या वर जाऊन बसलेली आहे. पण मनुस्मृतीची उपमा मला पटत नाही. मनूच्या शाळेत आपल्याला बसूच देत नव्हते. इथं बसता येतं. फक्त पेपर कसा काढतात, कान कसा तयार करतात, हे आपल्या वस्तीत कुणी सांगत नाही, आणि शहरातला क्लासवाला तेच गुपित म्हणून विकतो. माझं भांडण या गुपिताशी आहे.

तेव्हा आधी गुपित फोडू. ऐकण्याचा पेपर साधारण अर्ध्या तासाचा, ४० प्रश्न. टेप एकदाच वाजते, पुन्हा नाही. पहिल्या भागात दोघांचं व्यवहारातलं बोलणं, दुसऱ्यात एकटा माणूस माहिती देतो, तिसऱ्यात विद्यार्थी-मास्तरांची चर्चा, चौथ्यात व्याख्यान. वाचनाचा पेपर ६० मिनिटांचा, पुन्हा ४० प्रश्न, तीन उतारे, मिळून दोन ते पावणेतीन हजार शब्द. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून जागा रिकामी सोडणं हा शुद्ध वेडेपणा. आणि ४० पैकी ३० च्या आसपास बरोबर आले की सात बँड पडतो. बरीच विद्यापीठं साडेसहा-सातच मागतात. म्हणजे दहा उत्तरं चुकायची मोकळीक आहे. झालं. एवढ्यासाठी घरचा दागिना गहाण टाकायची गरज नाही.

खरी गोची ऐकण्यात आहे. मराठी शाळेतल्या पोराचं इंग्रजी डोळ्यांतून आत आलेलं असतं. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, पोरांनी वहीत उतरवलं, गाईडातून पाठ केलं. कानाने इंग्रजी ऐकलं असेल तर क्रिकेटच्या कॉमेंट्रीत. त्यामुळे कागदावर ओळखीचा असलेला 'व्हेजिटेबल' टेपवर 'व्हेज्टबल' होऊन येतो आणि अनोळखी माणसासारखा समोरून निघून जातो. 'कम्फर्टेबल'चा 'कम्फ्टबल' होतो. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत फरक काय, तर जोर कुठं पडला. ऑस्ट्रेलियन बाई 'एट' म्हणते ते आपल्याला 'आइट' ऐकू येतं. फोन नंबरात 'डबल थ्री' म्हणतात, शून्याला 'ओ' म्हणतात. पोरगा घरी येऊन सांगतो, माझी व्होकॅब्युलरी कच्ची आहे. शब्द येत असतो रे तुला, त्याचा आवाज तुला कुणी दिलेला नसतो.

यावर क्लासमध्ये काय करतात? रोज एक आख्खी टेस्ट. गुण मोजायचे, बोर्डावर लिहायचे, उद्या दुसरी टेस्ट. रोज थर्मामीटर लावून ताप उतरत असता तर दवाखाने कशाला लागले असते? त्यापेक्षा तीन मिनिटांचा एकच तुकडा घ्या, छापील मजकूर सोबत असलेला. परीक्षेच्या अधिकृत साईटवर नमुना पेपर फुकट आहेत. बीबीसीचे 'सिक्स मिनिट इंग्लिश'चे कार्यक्रम मजकुरासकट फुकट आहेत. पहिल्यांदा न थांबवता ऐका. दुसऱ्यांदा वाक्यावाक्याला थांबवून शब्द न् शब्द लिहा, शाळेत शुद्धलेखन घालायचे तसं. मग मजकूर उघडा आणि जिथं चुकलं तिथं लाल पेन चालवा. बाजूला कारण लिहा. शब्दच माहीत नव्हता, की माहीत असून ऐकू आला नाही, की ऐकू येऊन स्पेलिंग मारलं? रोग वेगळे, औषधं वेगळी. स्पेलिंग चुकलं तरी या पेपरात गुण जातो. शेवटी टेपच्या मागोमाग तेच मोठ्याने बोला, त्याच चालीत. लाज वाटली तर वाटू द्या. एकदा तोंडातून निघालेला आवाज कान पुढच्या वेळी सोडत नाही. एक तुकडा चार दिवस पुरवा. चार दिवसांत चार टेस्ट दिलेल्या पोरापेक्षा तुम्ही पुढं असाल.

मोठ्याने बोला म्हणतो मी, पण कुठं? दहा बाय दहाची खोली, एका कोपऱ्यात टीव्ही, एका कोपऱ्यात मिक्सर, बाहेर नळावरचं भांडण, आणि गणपती-नवरात्रात तर विचारूच नका. शांतता ही सुद्धा मालमत्ता आहे, आणि तीही वाटून दिलेली नाही. ज्या पोराला स्वतःची खोली आणि दार लावून घ्यायची सोय आहे, त्याचा अर्धा बँड जन्मतःच पडलेला असतो. ज्याच्या घरात आईबाप इंग्रजीत फोनवर बोलतात त्याचा आणखी अर्धा. याला गुणवत्ता म्हणायचं झालं तर मग बोलणंच खुंटलं.

पहिल्या भागाची एक गंमत सांगतो. तिथं बहुतेक वेळा कुणीतरी खोली भाड्याने घेत असतं, नाहीतर सहलीचं बुकिंग, नाहीतर व्यायामशाळेची वर्गणी. पलीकडची बाई विचारते, आपलं आडनाव? तिथं आडनाव विचारतात ते स्पेलिंगसाठी. पुण्यात खोली शोधत फिरलेल्या पोराला आपल्याकडे आडनाव कशासाठी विचारतात ते सांगायला नको. (परदेशात आडनाव पाठ सोडतं असंही समजू नका. तसं असतं तर २०२३ साली सिॲटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला नसता.) या भागात टेप फसवते ती अशी: माणूस आधी मंगळवार म्हणतो, मग नको, गुरुवारच बरा म्हणतो. घाईघाईने मंगळवार लिहिणारा तिथंच आपटतो. वाक्य संपेपर्यंत पेन्सिल सैल धरा.

आता वाचन. इथं आपली पोरं सर्वांत जास्त मार खातात ती 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन' या प्रश्नात. समजा उताऱ्यात लिहिलं आहे: गावात १९२० साली विहीर खोदली, तिचं पाणी उन्हाळ्यातही आटत नसे. प्रश्नातलं विधान: विहीर सगळ्या गावाला खुली होती. आपला पोरगा ठोकून लिहितो, फॉल्स. त्याच्या आजीने सांगितलेलं असतं त्याला. वरच्या आळीतला पोरगा लिहितो, ट्रू. कारण विहीर कुणाला खुली होती हा प्रश्न त्याच्या घरात कधी कुणाला पडलाच नाही. दोघांचाही गुण गेला. उत्तर आहे 'नॉट गिव्हन'. उताऱ्याने सांगितलेलंच नाही.

मला हा प्रश्न फार आवडतो. आजीचं खरं आहे, त्यावर वाद नाही, पण पेपर विचारतो की या कागदावर काय आहे आणि काय नाही. आपल्यावर हजारो वर्षं 'असं लिहिलेलं आहे' म्हणून राज्य केलं गेलं, आणि कागद कुणी दाखवला नाही. बाबासाहेबांनी १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या पुस्तकात काय केलं? ग्रंथ उघडले आणि कुठं काय लिहिलं आहे, कुठं नाही, हे ओळीओळीने तपासलं. तीच नजर इथं लागते. आपल्याला ती परकी वाटायचं कारण नाही.

क्लासवाले सांगतात, उतारा वाचूच नका, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधा. या युक्तीवर सहापर्यंत जाता येतं, सातला ती दम तोडते. कारण पेपर काढणारा शब्द बदलतो. उताऱ्यात 'लोक शहर सोडून गेले', तर प्रश्नात 'लोकसंख्या घटली'. शब्द शोधणारा शोधतच बसतो. यावर रोजचं वाचन सोडून दुसरा इलाज नाही. काय वाचायचं? 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' वाचा. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि न झालेलं ते भाषण मुळात इंग्रजीत आहे, आणि आपण जयंतीला त्याचं नाव घेतो, वाचतो मात्र भाषांतरात. महाराष्ट्र शासन १९७९ पासून बाबासाहेबांचे खंड काढत आलं आहे, त्यातल्या पहिल्याच खंडात ते आहे. रोज एक पान, शेजारी मराठी ठेवून. विधान कुठलं, त्यावरचा आक्षेप कुठला, आक्षेपाला उत्तर कुठं, हे समासात लिहा. तिसऱ्या, सर्वांत अवघड उताऱ्यात नेमकं हेच विचारतात. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून वीस मिनिटांत एक उतारा सोडवा. उत्तरं थेट उत्तरपत्रिकेवर लिहायची सवय करा, वाचनात नंतर उतरवायला वेगळा वेळ देत नाहीत.

आता सरकारकडे वळू. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी परदेशी जाता येतं. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या १२५ जागा, त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींना. शिष्यवृत्तीला विनाअट प्रवेश लागतो, प्रवेशाला बहुतेक ठिकाणी बँड लागतो, आणि बँडची फी खिशातून आधी भरावी लागते. निकाल दोनच वर्षं चालतो. प्रवेश हुकला, यादीत नाव आलं नाही, की पुन्हा पंधरा हजारांच्या वर. हा खर्च निवडीच्या आधीचा म्हणून सरकारच्या हिशेबात बसत नाही. तो बसवला पाहिजे, निदान पहिल्या वेळची फी तरी, ही आपली मागणी असली पाहिजे. आणि केंद्राने २०२२ साली भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन हे विषयच या शिष्यवृत्तीतून वगळले. म्हणजे बघा, कान तयार करा, सात बँड आणा, ऑक्सफर्डपर्यंत पोचा, आणि तिथं जाऊन जातीवर एक शब्द लिहू नका! इंग्रजी तुमचं, विषय आमचा.

फी मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही. प्रत्येक वस्तीत पाच जण गाठा. विहार किंवा समाजमंदिर पहाटे रिकामं असतं, लाऊडस्पीकर तेव्हा झोपलेले असतात. सहा ते सात, एक मोबाईल, पाच वह्या. एकाने तुकडा लावायचा, बाकीच्यांनी लिहायचं, वह्या बदलून तपासायच्या, मग सगळ्यांनी मोठ्याने बोलायचं. ज्याचा बँड येईल त्याने व्हिसा लागेपर्यंत पुढच्या दोघांना बसवायचं. पहिला आठवडा टेस्टला हात लावू नका. नुसती नावांची स्पेलिंगं, फोन नंबर, घर नंबर, वारांची आणि महिन्यांची नावं घ्या. 'जे' आणि 'जी', 'ए' आणि 'ई' कानाला वेगळे लागेपर्यंत.