मुक्या पट्ट्या भंगारात काढू नका

दसरा-दिवाळीच्या साफसफाईत पंखे, टीव्ही, कपाटे पुसून झाली की फवाऱ्याची बाटली वाद्याकडे वळते. धायरीत तर वाद्य पुसण्याची वेळ वारंवार येते. २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या या गावात बांधकामे सुरूच आहेत, आणि खिडकी उघडी राहिली की डिजिटल पियानोच्या ८८ पट्ट्यांवर धूळ बसते. क्लीनर थेट पट्ट्यांवर मारला जातो. दुसऱ्या दिवशी मुलगी सरावाला बसते, तर मधल्या सप्तकातले दोन-तीन सूर उमटतच नाहीत.

‘आता नवाच घ्या,’ असा सल्ला लगेच मिळतो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

प्रत्येक पट्टीखाली रबराच्या टोप्या असतात, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतात तशाच. त्यांच्या आतला कार्बनचा ठिपका सर्किट बोर्डाला टेकला की सूर वाजतो. बहुतेक पियानोंत एका पट्टीला असे दोन किंवा तीन स्पर्शबिंदू असतात. ते किती अंतराने जुळले, यावरून बोट किती जोरात पडले हे यंत्राला कळते. फवारलेला द्रव फटीतून खाली उतरतो, धूळ सोबत नेतो आणि वाळताना तिथे चिकट थर सोडतो. मग सूर मुका होतो, नाहीतर हलक्या बोटालाही दणकन वाजतो.

अशा वेळी वीज ताबडतोब तोडावी आणि वाद्य चालू करून पाहू नये. जाणकाराने ते उघडून कार्बनचे ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने अलगद पुसले, टोप्या नीट वाळवून बसवल्या, की पुष्कळदा सूर परततो. ठरावीक अंतरावरच्या अनेक पट्ट्या एकदम बंद असतील, तर मात्र केबल किंवा बोर्ड तपासावा लागतो.

खरी अडचण पुढे येते. सोल्डरिंगचे सामान, वायरी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतात. पण नेमक्या मॉडेलची रबरपट्टी आणि दुरुस्तीची पुस्तिका कंपनीच्या हातात असते. कॅबिनेटवाला पियानो ४० किलोच्या आसपास भरतो, तो उचलून सर्व्हिस सेंटरला न्यायचा कसा? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने शेती अवजारे, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. वाद्यांचा त्यात वेगळा उल्लेख नाही.

१८८७ मध्ये जपानच्या हामामात्सुमध्ये तोराकुसु यामाहा यांनी एका शाळेचा बिघडलेला रीड ऑर्गन दुरुस्त केला. मराठी संगीत नाटकांना साथ करणाऱ्या पायपेटीच्याच जातीचे ते वाद्य. तो उघडून पाहिल्यावरच त्यांनी स्वतःचा ऑर्गन घडवला आणि त्यातून आजची यामाहा कंपनी उभी राहिली. वाद्य उघडून शिकण्याची ही मुभा धायरीतल्या मेकॅनिकलाही हवी. कंपन्यांनी सुटे भाग आणि पुस्तिका खुल्या बाजारात द्याव्यात, आणि सरकारने वाद्ये दुरुस्तीच्या यादीत नावानिशी घालावीत. तोवर घरोघरी एवढे पाळावे: फवारा कापडावर मारावा, पट्ट्यांवर कधीही नाही.