आम्हाला सुपरहिरो हवा की पटकथाकार?

आमच्या अभ्यासवर्गात तरुण मुले एक प्रश्न हमखास विचारतात : हॉलिवूडचा 'ब्लॅक पँथर' आला, आता आपला सुपरहिरो कधी? प्रश्न रास्त आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षावरून आले. त्याच्याही आधी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाविषयी विचारणा केली होती. तेव्हा तिकडे पाहण्यात गैर काही नाही. फक्त नीट पाहावे. त्यासाठी आम्ही 'ब्लॅक लाइटनिंग' ही मालिका आणि तिचा नायक क्रेस विल्यम्स यांचे उदाहरण घेतो.

विल्यम्स यांचा जन्म १९७० चा. नव्वदच्या दशकात ते 'बेव्हर्ली हिल्स ९०२१०' मध्ये कॉलेजचे बास्केटबॉल खेळाडू होते. 'लिव्हिंग सिंगल'मध्ये नायिकेचा मित्र होते. 'ग्रेज ॲनाटॉमी'त डॉ. बेलींचा नवरा. उंचापुरा देह, भारदस्त आवाज, सहज अभिनय. तरी वर्षानुवर्षे कोणाचा तरी मित्र, कोणाचा तरी नवरा. २०११ पासून 'हार्ट ऑफ डिक्सी'त चार सीझन ते अलाबामातल्या एका काल्पनिक गावाचे महापौर झाले. ज्या अलाबामात १९५५ साली माँटगोमेरीचा बस बहिष्कार झाला, त्याच अलाबामात कृष्णवर्णीय महापौर, आणि मालिकेत वर्णभेदाचा विषय जवळपास नाहीच! नायिका न्यूयॉर्कहून आलेली गोरी डॉक्टर, आणि महापौर तिचा शेजारी. आपल्याकडेही अशी पदे पाहिली आहेत. खुर्ची मिळते, तोंड उघडायची मुभा मिळत नाही.

जानेवारी २०१८ मध्ये 'ब्लॅक लाइटनिंग' सुरू झाली तेव्हा विल्यम्स ४७ वर्षांचे होते. कर्तृत्व असेल तर संधी मिळतेच, असे सांगणाऱ्या गुणवत्तावाद्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. पंचवीस वर्षांत त्यांचा अभिनय काही एकाएकी सुधारला नव्हता. फरक पडला तो लिहिणाऱ्यात. मालिका घडवली सलीम अकिल यांनी, सोबत निर्मात्या म्हणून त्यांच्या पत्नी मारा ब्रॉक अकिल. दोघेही कृष्णवर्णीय.

लेखणी कोणाच्या हाती, याने काय बिघडते हे या पात्राच्या जन्मकथेतच दिसते. डीसी कॉमिक्सला आधी वेगळाच नायक आणायचा होता : एक वर्णद्वेषी गोरा माणूस, जो संकटकाळी कृष्णवर्णीय वीर बनतो! लेखक टोनी इसाबेला यांनी सांगितले आहे की, ती कल्पना रद्द करायला लावून त्यांनी १९७७ मध्ये ब्लॅक लाइटनिंग आणला. चित्रे ट्रेव्हर फॉन ईडन या कृष्णवर्णीय तरुणाची. तरीही नायकाच्या मुखवट्याला कुरळ्या केसांचा टोप चिकटवलेला होता. पहिली मालिका ११ अंकांत बंद पडली.

चाळीस वर्षांनी अकिल यांनी त्याच पात्राचे घर उभे केले. जेफरसन पिअर्स हा मुख्याध्यापक. घटस्फोटित पत्नी लिन संशोधक, थोरली मुलगी अनिसा वैद्यकीय विद्यार्थिनी, धाकटी जेनिफर शाळेत. पहिल्याच भागात हा सुटाबुटातला मुख्याध्यापक मुलींना घेऊन गाडीने जात असतो, आणि पोलीस त्याला दरोड्यातला संशयित समजून भर पावसात बाहेर ओढतात. मुली आतून पाहत असतात. अंगात वीज असलेला माणूस त्या क्षणी काही करू शकत नाही, कारण मुलींना घेऊन जिवंत घरी पोहोचायचे आहे. आम्हाला संपूर्ण मालिकेतली हाणामारी या दृश्यापुढे फिकी वाटते.

दुसऱ्या सीझनमध्ये शाळा बंद पडू नये म्हणून त्याला पद सोडावे लागते. जागी गोरा मुख्याध्यापक येतो आणि येताच शिस्तीचा बडगा उगारतो. वस्तीतल्या मुलांना शिकवायचे की वळण लावायचे, हा वाद आपल्या आश्रमशाळा आणि वसतिगृहांत काम केलेल्यांना नव्याने सांगायला नको. मुलांच्या अंगी शक्ती येते तीही सरकारी गुप्त यंत्रणेने लोकांना मवाळ करण्यासाठी दिलेल्या लसीतून. हे वाचून हसू नका. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिसवर उपचार न देता फक्त निरीक्षणाखाली ठेवले होते.

मालिका निर्दोष नाही. पुढे ती परदेशी सैन्याच्या लढाईत भरकटते आणि वस्तीतली माणसे नुसती गर्दी होऊन जातात. अवतारी पुरुष आला की जनता प्रेक्षक बनते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल दिलेला इशारा इथेही लागू आहे. त्यांनाच केप घातलेली चित्रे जयंतीला पुढे ढकलणाऱ्यांनी तो एकदा वाचावा.

आता आपल्याकडे या. मराठी कौटुंबिक मालिकांच्या दिवाणखान्यात बुद्धमूर्ती शोभेला असते. त्या मूर्तीसमोर वंदना घेणारे कुटुंब त्या घरात राहताना आम्ही पाहिलेले नाही. बाबासाहेबांवर मालिका झाली, तिचे स्वागतच. पण त्यांच्यानंतर शिकलेली, कर्ज काढून फ्लॅट घेतलेली, आडनाव विचारले की क्षणभर थांबणारी तिसरी पिढी कुठे आहे? 'झुंड'मध्ये भीमजयंती दिसली, कारण लिहिणारा नागराज मंजुळे होता. एका नागराजच्या खांद्यावर किती ओझे टाकणार?

म्हणून पुढच्या अभ्यासवर्गात आम्ही 'ब्लॅक लाइटनिंग'चा पहिला भाग दाखवणार आहोत. येताना प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका संध्याकाळचा प्रसंग, संवादांसह, दोन पाने लिहून आणायचा आहे. मुखवटा नको, आडनाव खरे हवे.

जय भीम!