बिनबटणाचा स्विच

आमच्या घरी 'स्विच आणलाय' म्हटलं की आई आधी भिंतीकडे बघते आणि 'कुठलं बटण गेलं?' असं विचारते. तिचं काही चुकत नाही. नेटवर्कचा स्विच नावाचा जो डबा असतो त्याला बटण नसतं, स्क्रीन नसते, चालू-बंद करायची सोयसुद्धा बहुतेक वेळा नसते. पाच नाहीतर आठ भोकं, मागे ॲडाप्टरची पिन आणि लुकलुकणारे हिरवे दिवे. संपलं. ह्याला अनमॅनेज्ड स्विच म्हणतात, आणि माझं स्पष्ट मत असं आहे की घरासाठी किंवा दहाएक माणसांच्या ऑफिससाठी ह्याच्यापेक्षा जास्त हुशार काही विकत घेऊ नये.

आयटीत असल्यामुळे मी नात्यागोत्यातला फुकटचा नेटवर्क कन्सल्टंट आहे. (तुमच्यापैकी बरेच जण असणार, सहानुभूती आहे.) दर महिन्याला एक तरी फोन येतो: 'अरे, नेट स्लो चालतंय, मेश घेऊ का?' मेश हा शब्द दुकानातल्या मुलाने शिकवलेला असतो. वायर टाकू का, असं मात्र आजवर मला एकानेही विचारलेलं नाही. वायर म्हणजे मागासलेपण, असं काहीतरी आपल्या डोक्यात बसलंय. टीव्ही भिंतीला स्क्रूने ठोकलेला, डेस्कटॉप टेबलावरून दहा वर्षांत हललेला नाही, प्रिंटर तर हलवायलाच दोन माणसं लागतात, आणि हे सगळे हवेतून बोलणार. का बुवा?

माझ्या मामाचं उदाहरण सांगतो. मामा सीए आहे, सदाशिव पेठेत ऑफिस. सहा पीसी, एक प्रिंटर. टॅलीचा डेटा एका पीसीवर आणि बाकीचे पाच जण तो शेअर्ड फोल्डरमधून उघडतात. सगळे वायफायवर. टॅक्स ऑडिटच्या दिवसांत एखादं लेजर उघडायचं तर क्लिक करून चहा पिऊन यावं अशी परिस्थिती. आर्टिकलशिपच्या मुली रात्री साडेनऊ-दहापर्यंत बसायच्या, त्यातल्या एकीची हडपसरची बस चुकायची, आणि मामाचं म्हणणं 'हल्लीच्या मुलांना कामाचा उरकच नाही'. त्या बिचाऱ्या पडद्यावरचं गोल चक्र बघत बसलेल्या.

मामाने एका व्हेंडरला बोलावलं. त्याने दिलेलं कोटेशन मला व्हॉट्सॲपवर आलं: चोवीस पोर्टचा मॅनेज्ड स्विच, भिंतीवरची रॅक, तीन ॲक्सेस पॉइंट, वर वर्षाची एएमसी. अडुसष्ट हजार, जीएसटी वेगळा. सात वायरी लावायच्या जागी विमानतळाचं सामान!

आता मुळात काय होत होतं ते बघा. सामायिक फायलींवर चालणारं सॉफ्टवेअर फाईल एकदम उचलून आणत नाही. हा तुकडा दे, आता तो तुकडा दे, असं बारीक बारीक मागत राहतं आणि प्रत्येक उत्तराची वाट बघतं. वायरवर हे उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत येतं. (दीड हजार बाइटचं अख्खं पॅकेट गिगाबिट वायरवर चढवायला १२ मायक्रोसेकंद लागतात.) वायफायवर तेच कधी तीन मिलिसेकंद, कधी तीस, कारण हवेत एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. त्यात जुने पीसी २.४ गिगाहर्ट्झवर, जिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. आणि पेठेतल्या इमारतीत भिंतीपलीकडे किती राऊटर असतात ते तुम्हीच फोन उघडून मोजा. थोडक्यात, मामाला 'स्पीड' कमी पडत नव्हता, त्याची हजारो छोटी उत्तरं रांगेत उभी होती. इंटरनेटचा प्लॅन वाढवून ह्यात शष्प फरक पडला नसता, कारण टॅलीचा डेटा ऑफिसच्या बाहेर जातच नव्हता.

स्विच नेमकं हेच सोडवतो. त्याच्या आधीचे हब होते त्यात एकजण बोलला की सगळ्यांना ऐकू जायचं, दोघे एकदम बोलले की टक्कर. स्विच कुठल्या भोकात कुठला मॅक ॲड्रेस आहे ते आपलं आपण लक्षात ठेवतो आणि ज्याचं पत्र त्यालाच देतो. एक आणि दोन नंबर बोलत असताना तीन आणि चार पूर्ण वेगाने बोलू शकतात. बाजारात आलेला पहिला इथरनेट स्विच सात पोर्टचा होता, १९९० च्या सुमाराचा, आणि तो बनवणाऱ्या सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपनीचं नाव होतं कल्पना! संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज यांच्या पत्नीचं नाव. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी घेतली. सिस्कोच्या परीक्षा देऊन नोकरीला लागलेल्या आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे, कोण जाणे.

असो. घ्यायचा कसा, तर गिगाबिट घ्या. शंभर एमबीपीएसचे डबे अजून दुकानात मिळतात आणि निम्म्या किमतीला मिळतात, पण त्यांच्या नादी लागू नका. शंभरवर फाईल कॉपी सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर जात नाही, गिगाबिटवर ११० च्या आसपास जाते. लग्नाच्या व्हिडिओची २० जीबीची फाईल एकीकडे अर्धा तास, दुसरीकडे तीन मिनिटं. फरक चार-पाचशे रुपयांचा आहे, म्हणजे दोघांच्या एका मिसळीचा. अडीच गिगाबिटचेही मिळतात आता. घरात एनएएस असेल आणि दोन्ही टोकांना तसे पोर्ट असतील तर जरूर घ्या, नाहीतर पैसे शोभेला.

पोर्ट मोजताना राऊटरकडे जाणारी वायर धरायला लोक विसरतात. पाच पोर्टचा म्हणजे हाताशी चारच. मामाकडे सहा पीसी, एक प्रिंटर, एक राऊटर, म्हणजे आठचा पहिल्याच दिवशी भरला असता. सोळाचा घेतला. एकाला दुसरा स्विच जोडून भागवता येतं हे खरं, पण मग दुसऱ्यावरच्या सगळ्यांची पलीकडची रहदारी त्या एका वायरीतून जाते.

खोक्यावर '१० जीबीपीएस स्विचिंग कपॅसिटी' असं छापलेलं असतं त्याने हुरळून जायचं कारण नाही. पाच पोर्ट, दोन्ही दिशा, गुणाकार करा. पत्र्याचा डबा प्लॅस्टिकपेक्षा बरा, उष्णता लवकर सोडतो. पंखा नसलेलाच घ्या. ब्रँडबद्दल मी फारसा कट्टर नाही: टीपी-लिंक, डी-लिंक, नेटगिअर, जवळच्या दुकानात जो मिळेल आणि ज्याची वॉरंटी तिथेच वसूल करता येईल तो. (डी-लिंक इंडियाचं नोंदणीकृत ऑफिस गोव्यात वेर्ण्याला आहे, ह्या माहितीचा खरेदीशी काही संबंध नाही.)

डब्यापेक्षा जास्त लक्ष वायरीकडे द्या. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोनच पुरतात. त्यामुळे क्रिंपिंग करताना एक तार नीट बसली नाही तर नेट बंद पडत नाही, गुपचूप शंभरवर येतं, आणि वर्षभर कुणाला पत्ता लागत नाही. बऱ्याच स्विचवर दोन वेगांचे दिवे वेगळे असतात. ते बघायचे. दुसरं म्हणजे सीसीए लिहिलेली केबल, आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. स्वस्त असते, वाकवली की तुटते आणि मानकात बसतच नाही. शुद्ध तांब्याची कॅट सिक्स मागा आणि टोक सोलून खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर परत द्या. दुकानदार चिडतो. चिडू दे.

काही मित्रांचा मुद्दा असा की मॅनेज्ड घेतला तर व्हीलॅन करता येतात, कॅमेरे वेगळे, पाहुणे वेगळे. मुद्दा खोटा नाही. पण पाहुण्यांना वेगळं काढायला राऊटरचं गेस्ट वायफाय आहे, आणि स्वतःचे पीओई पोर्ट असलेला एनव्हीआर घेतला तर कॅमेरे आपोआप त्याच्या मागे, वेगळ्या नेटवर्कवर राहतात. खरा प्रश्न वेगळाच आहे. तो स्विच दोन वर्षांनी कोण सांभाळणार? मॅनेज्ड स्विचला आयपी ॲड्रेस असतो, पासवर्ड असतो, फर्मवेअर असतं. पासवर्ड व्हेंडरच्या मुलाला माहीत, तो मुलगा नोकरी सोडून गेलेला, फर्मवेअर डब्यातून निघालं तेच. अशी दोन ऑफिसं मी स्वतः बघितली आहेत. आणि उद्या मला ऑनसाइट पाठवलं तर मामाने रात्री अकराला कुणाला फोन करायचा? साध्या स्विचमध्ये लॉगिनच नाही, त्यामुळे कुणी शिरायचाही प्रश्न नाही. बिघडला तर ऑफिसातला शिपाई अप्पा बळवंत चौकातून... छे, तिथे पुस्तकं मिळतात, जवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून नवा आणेल आणि वायरी वाटेल त्या क्रमाने खोचेल. चालतं.

एकच गोष्ट सांभाळायची. लोंबकळणारी वायर दिसली म्हणून कुणी तिची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली तर सगळं ऑफिस आडवं होतं. इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते. ब्रॉडकास्ट त्या वेटोळ्यात फिरतच राहतात आणि सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकायला लागतात. हे थांबवणारं स्पॅनिंग ट्री साध्या डब्यात नसतं (काहींत लूप ओळखायची सोय असते, मिळाला तर तो घ्या). उपाय सोपा, वायर काढा. मामाकडे मी न वापरलेल्या वायरी काढून कपाटात ठेवल्या आणि प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना नावाची चिठ्ठी लावली.

काम एका शनिवारी झालं. स्विच, केबल, केसिंग पट्टी आणि इलेक्ट्रिशियनची मजुरी धरून पंधरा हजारांच्या आत. सोमवारी लेजर क्लिक केल्या केल्या उघडलं. मामाने मुलींना 'बघा, आता मनावर घेतलंत तर कामं होतात' असं ऐकवलं, तेव्हा मात्र मी मध्ये पडून व्हेंडरचं कोटेशन आणि पिंगचे आकडे त्याच्या टेबलावर ठेवले. तो काही बोलला नाही, पण त्या आठवड्यात ऑफिस साडेसातला बंद व्हायला लागलं.

आणि हो, स्विचचा ॲडाप्टर राऊटर ज्या इन्व्हर्टरच्या सॉकेटवर आहे त्याच सॉकेटवर लावा. नाहीतर लाइट गेली की मोबाईलवाले मजेत आणि वायरवाले बोंबलत, असं होतं.