कारखाना आपला, वाचा परक्याची

उत्पादनाची साधने समाजाच्या मालकीची असली पाहिजेत, ही समाजवादाची मूळ प्रतिज्ञा. पण साधन म्हणजे नेमके काय, हा प्रश्न प्रत्येक पिढीने नव्याने विचारावयाचा असतो, आणि तो विचारण्यात आजच्या समाजवादी चळवळीने कुचराई केली आहे. जमीन, भट्टी, बॉयलर, माग ही साधने डोळ्यांना दिसतात. त्यांची नोंद सातबाऱ्यावर अथवा ताळेबंदात होते. परंतु आजच्या कारखान्यात, वीजकेंद्रात आणि पाणीपुरवठ्याच्या पंपगृहात असे एक साधन आहे की ज्याला ताळेबंदात एक स्वतंत्र ओळही मिळत नाही, आणि तरीही ते ज्याच्या मुठीत त्याच्या मुठीत सारा कारखाना. कामगार त्याला नुसते ‘कार्ड’ म्हणतात.

नियंत्रणाच्या पॅनेलमध्ये पीएलसी नावाचे यंत्र असते. भट्टी किती तापवावी, मोटर किती वेगाने फिरवावी, हे ते ठरवते. पण तो निर्णय मोटरपर्यंत, झडपेपर्यंत आणि ऑपरेटरसमोरच्या पडद्यापर्यंत पोचवण्याचे, व तिकडची खबर माघारी आणण्याचे काम कम्युनिकेशन कार्डाचे. तळहाताएवढ्या या कार्डावर त्याचा स्वतःचा प्रोसेसर असतो आणि कंपनीने भरून दिलेली फर्मवेअर नावाची आज्ञावली असते. कोणत्या क्रमाने व कोणत्या खुणांनी बोलावयाचे, याच्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. कार्ड निकामी झाले की मोटर धडधाकट असते, कच्चा माल आवारात पडलेला असतो, कामगार पाळीवर हजर असतो. आणि उत्पादन मात्र ठप्प!

कार्डाची किंमत साऱ्या कारखान्याच्या किमतीपुढे नगण्य असते. म्हणूनच खरेदीच्या वेळी तिच्याकडे कोणी पाहत नाही. परंतु एका कंपनीचे कार्ड घेतले की तिचे पॅनेल, तिचे सॉफ्टवेअर, तिचाच सेवा-अभियंता हे ओघानेच येते. निविदा उघडण्याच्या दिवशी ग्राहक राजा असतो. दुसऱ्या दिवसापासून तो ओलीस होतो. सीमेन्स कंपनीची एस-७-३०० ही मालिका जगभरच्या कारखान्यांत बसलेली आहे. ऑक्टोबर २०२३ पासून कंपनीने ती टप्प्याटप्प्याने मागे घेण्यास सुरुवात केली असून सुटे भाग दहा वर्षे मिळतील असे सांगितले आहे. ज्या कारखान्याची गिरणी वा भट्टी तीस-चाळीस वर्षे चालावयाची, तिचे आयुष्य आता कोण ठरवणार? तिची मालकी असणारा समाज, की दूरदेशीच्या एका कंपनीचे विक्री-वेळापत्रक?

हा केवळ पैशाचा प्रश्न असता तरी तो गंभीर ठरला असता. पण तो सार्वभौमत्वाचाही आहे. २०१० साली उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ या घातक आज्ञावलीने इराणमधील नतान्झ येथील युरेनियम समृद्धीकरणाचे प्रकल्पयंत्र गाठले. आपण योग्य ठिकाणी आलो आहोत की नाही हे तिने कशावरून ओळखले? याच एस-७-३०० मालिकेतील नियंत्रकाला ‘प्रोफिबस’ पद्धतीचे विशिष्ट कम्युनिकेशन कार्ड जोडलेले आहे की नाही, आणि त्यामागे ठरावीक बनावटीची वेगनियंत्रक यंत्रे आहेत की नाही, यावरून. मग त्याच वाटेने वेग बदलण्याच्या आज्ञा गेल्या. अभियंत्याने नियंत्रकातील आज्ञावली तपासावयास घेतली तर घुसवलेला भाग त्याच्यापासून लपवला जात होता. हे अमेरिका व इस्राएल यांचे कृत्य असल्याचे सर्वत्र मानले जाते. अधिकृत कबुली दोघांनीही दिलेली नाही. इराणी राजवटीविषयी कोणाला प्रेम असो वा नसो, यंत्र विकत घेणारा देश त्या यंत्राचा धनी होतोच असे नाही, हा धडा सर्वांसाठी आहे.

दुसरा धडा युक्रेनचा. २३ डिसेंबर २०१५ रोजी तेथील तीन वीजवितरण कंपन्यांवर हल्ला झाला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. हल्लेखोरांनी उपकेंद्रांतील संदेशवाहक उपकरणांची फर्मवेअरच खोडून निकामी केली, जेणेकरून नियंत्रण-कक्षातून स्विच पुन्हा जोडता येऊ नये. तरीही काही तासांत वीज परत आली. कारण कर्मचारी गाड्या घेऊन उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी हातांनी स्विच ओढले. ज्या देशात असा कर्मचारी ‘जादा’ ठरवून घरी बसवला जातो आणि त्याचे काम सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर दिले जाते, त्या देशात अशा रात्री उपकेंद्रावर कोण जाणार?

भारतात हा प्रश्न नवा नाही. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यान्वये भागभांडवल चाळीस टक्क्यांवर आणण्यास आयबीएमने नकार दिला आणि जनता पक्षाच्या राजवटीत, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ साली ती कंपनी देश सोडून गेली. समाजवादी कार्यकर्ता तो प्रसंग आजही अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान रास्तच आहे. पण त्या कथेचा अधिक मोलाचा भाग तो सांगत नाही. आयबीएम गेल्यावर तिची यंत्रे बंद पडली नाहीत. कारण सीएमसी या सार्वजनिक संस्थेने त्यांची देखभाल हाती घेतली. परक्याचे यंत्र उघडून वाचण्याची विद्या देशाने कमावली होती. २००१ साली सरकारने त्या सीएमसीतील एक्कावन्न टक्के भाग टाटा समूहाला विकून टाकला. औष्णिक वीजकेंद्रांसाठी नियंत्रण-उपकरणे बनवण्याकरिता सोव्हिएत साहाय्याने १९६४ साली उभारलेल्या इन्स्ट्रुमेंटेशन लिमिटेडचा कोटा येथील कारखाना बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ साली मंजुरी दिली. तोट्याचा हिशेब मांडला गेला; गमावलेल्या विद्येचा हिशेब कोणीच मांडला नाही. आणि तेच राज्यकर्ते आज आत्मनिर्भरतेची कीर्तने करतात!

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या जागीच थांबल्या. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताचा संशय व्यक्त केला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. एक अंधार आणि दोन मंत्र्यांची दोन उत्तरे! त्यातले खरे कोणते हे नागरिकाने कशाच्या आधारे ठरवावे? त्याआधी जुलै २०२० मध्ये केंद्राने वीजक्षेत्रातील आयात उपकरणांची घातक आज्ञावलीसाठी तपासणी करण्याचा आदेश काढला होता. आदेश योग्यच, पण जी आज्ञावली वाचण्याचा हक्क खरेदी-करारातच मागून घेतलेला नाही, तिची दारावरची झडती वरवरचीच राहणार.

यावर तज्ज्ञ म्हणवणारे लोक सांगतात की प्रोटोकॉल व आज्ञावली खुल्या केल्या तर सुरक्षितता धोक्यात येईल. १९७९ साली मॉडिकॉनने प्रसिद्ध केलेला ‘मॉडबस’ हा खुला प्रोटोकॉल मूळ रूपात आज्ञा देणाऱ्याची ओळखही विचारत नाही, हे खरे आहे. पण तो दोष त्याच्या घडणीचा, खुलेपणाचा नव्हे. उलट तो खुला असल्यामुळेच हा दोष सर्वांना ठाऊक आहे आणि त्यावर उपाय योजता येतो. नतान्झमधील नियंत्रकाची आज्ञावली तर कंपनीच्या कुलपात होती; त्या कुलपाने कोणाचे रक्षण केले? गुपित राहते ते फक्त यंत्र चालवणाऱ्यापासून. यंत्र मोडू पाहणाऱ्याला ते उलगडतेच.

डॉ. लोहियांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला होता, तो माणूस यंत्राचा दास होऊ नये म्हणून. यंत्राचे नुसते आकारमान लहान करून ती अपेक्षा पुरी होत नाही, हे या तळहाताएवढ्या कार्डाने दाखवून दिले आहे. म्हणून राष्ट्रीयीकरणाच्या जुन्या ठरावापुढे आता चार मागण्या जोडल्या पाहिजेत. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या प्रत्येक नियंत्रण-उपकरणाचा प्रोटोकॉल पूर्णपणे लिखित व खुला असावा. त्याच्या आज्ञावलीची प्रत सार्वजनिक संस्थेकडे ठेव म्हणून असावी. सुटे भाग आणि दुरुस्तीचा हक्क कारखान्याच्या आयुष्यभरासाठी करारात लिहून घ्यावा. आणि हाताने यंत्रणा चालवू शकणारा कामगार कायम नोकरीत असावा, त्याचे शिक्षण चालू राहावे.

यांतील चौथ्या मागणीसाठी संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या वेतनकराराच्या वाटाघाटीत महागाईभत्त्याच्या शेजारी ती मांडता येते. कामगार संघटनेने व्यवस्थापनाला एवढेच विचारावे: हे कार्ड उद्या गप्प झाले, तर ते उघडण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि ते उघडता येणारा माणूस या आवारात आहे काय? या प्रश्नाला ज्या कारखान्यात उत्तर नाही, त्याच्या फाटकावर पाटी सरकारची असो वा शेठजीची, धनी कोणी तिसराच आहे.